न मिटणारं हसू

माझ्या सासरी सगळ्यांत जास्त हसतो तो एक मेलेला माणूस. थोरल्या भाऊजींच्या पाठचा भाऊ. विशीतच गेला, मी लग्न होऊन येण्याआधी. घराला लागूनच आमचा तांब्याची भांडी घडवायचा कारखाना आहे, तिथे ऐरणीमागच्या भिंतीला त्याचा फोटो लावलाय, सगळे दात दाखवणारा. भाऊजी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतात, "शेवटी त्याच्या डोळ्यांत तांबं उतरलं होतं. बुबुळाभोवती कडं दिसायचं. धातूनं त्याला आपला म्हटलं. हसत गेला." मेल्या म्हशीला मणभर दूध, असं मी मनात म्हणायचे आणि राखेनं घागरी घासत बसायचे.

जाऊबाई गेल्यापासून भाऊजींच्या दोन्ही मुली माझ्याच. थोरली चिमणी हातोडीला बापाच्या वरताण. घागरीवर तिचा ठोका ठोक्याला चिकटून बसायचा. मग एकेक ठोका भरकटायला लागला. हात समोर धरला की पंखासारखा फडफडायचा. तिचं ते लाडाचं नाव मला नकोसं झालं. जीभ जड झाली. आणि मग ती हसायला लागली.

ती जेवताना हसायची. भाजल्यावरही हसायची. शेजारच्या आजी वारल्या, तेव्हा त्यांच्या दारात उभी राहून हसत होती. बायका तिच्यापासून सरकून बसल्या. खोटं कशाला बोलू, मलाही तिची भीती वाटायची. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली, पण संध्याकाळी ती खोलीत आली की मी आधी दिवा लावायचे. भिंतीवरचं तोंड खाली उतरून तिच्या चेहऱ्यावर बसलं होतं.

भाऊजींना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांनी तिला खिडकीशी नेऊन डोळे पाहिले. बुबुळाच्या काठाला तपकिरी, हिरवट कडं होतं. "उतरलं!" ते म्हणाले. मेलेल्या भावाची हातोडी त्यांनी तिच्या हातात दिली आणि त्यानं घडवलेली घागर तिच्या उशाशी ठेवली. पाणी त्यातलंच, पेल्यावर पेले. "तांब्याला तांबंच पोसतं," म्हणे.

एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. आरशात ते हसू होतंच. दातांच्या फटीतून कसेबसे शब्द आले.

"काकू, मी हसत नाहीये. तोंड मिटत नाही."

माझ्या हातातली वेणी सुटली. कोणाला न विचारता मी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं.

"हात हलायला छप्पन्न कारणं असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूचा एखादा भाग झिजतो, कधी तिथे रक्त पोचत नाही, कधी घेतलेलं औषधच बाधतं. प्रत्येकाचा उपाय वेगळा." त्यांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी धरली आणि कडं बघून रक्त तपासायला पाठवलं. तपासण्या झाल्यावर म्हणाल्या, "हिच्या शरीरातून तांबं बाहेर पडत नाही. दोष आई-वडील दोघांकडून आलाय. ते आधी यकृतात साठतं, मग मेंदूत. काढायला औषध आहे, पण जन्मभर घ्यायचं. किती सुधारेल ते आपण किती उशीर केलाय त्यावर. तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद. आणि हिच्या बहिणीला आणा, ठणठणीत असली तरी."

घरी येऊन मी आधी ती घागर मोरीत रिकामी केली. भाऊजी अंगावर धावून आले. "तुम्ही कोण बंद करणार? माझा भाऊ हेच पाणी पीत हसत गेला!"

ते मागून येत होते, तशी मी कारखान्यात शिरून ऐरणीवर चढले. या वयात! फोटो काढला, त्यांच्यापुढे धरला आणि तळहातानं त्याचं तोंड झाकलं.

"आता बघा, भाऊजी. हा हसतोय?"

हाताच्या वर नुसते दोन डोळे उरले होते. बुडणाऱ्या माणसाचे असतात तसे. इतकी वर्षं ते डोळे कारखान्यात सगळ्यांकडे बघत होते, आणि आम्ही दात मोजत बसलो होतो. भाऊजींनी फोटो माझ्या हातातून घेतला आणि तो मांडीवर घेऊन खाली बसले. "मला हाक मारत असेल गं," एवढंच म्हणाले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, ते राहूनच गेलं.

तेवढ्यात धाकटी आली. मला ऐरणीवर उभी बघून ती खो-खो हसायला लागली. "काकू, माकडासारखी काय चढलीस?"

भाऊजी उठले. तिची हनुवटी धरून त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला. ती हसतच होती. मी खाली उतरून जवळ गेले. बुबुळाच्या वरच्या काठाला, केसाएवढी बारीक, तपकिरी रेघ होती.

"बाळा," भाऊजी म्हणाले, "तोंड मीट."

"का?"

"मीट म्हणतो ना."

ती घाबरली. आमच्या दोघांकडे पाहिलं, आणि तिनं तोंड मिटलं.

ओठ ओठांना टेकले. मी तिला पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडले.