कुठं निघालास?

पाहोमीनं मिठाची वाटी टेबलाच्या कडेला सरकवली.

"हा समुद्र."

मग पावाचा तुकडा ठेवला, ते तळं. दोन चमचे म्हणजे कालवे. बुखारेस्टहून आलेले तिघं पाहुणे वाकून बघत होते. तिघांची तोंडं तीन दिशांना: एकाला गळ टाकायचा होता, दुसऱ्याला बदकं मारायची होती, आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंना नुसते दुर्बिणीतून पेलिकन बघायचे होते. पाहोमीच्या दाढीआड मात्र काळजीचं नाव नव्हतं. त्याच्या डोक्यात शनिवारची फेरी केव्हाच पार पडली होती.

"पहाटे बदकं, ऊन चढलं की बोय मासा. बाई दुसऱ्या होडीत, बंदुकीपासून लांब. ती होडी आर्तिओम नेईल."

चुलीपाशी बसलेल्या मुलानं मान वर केली.

"बाबा, माझी उद्या शुक्रवारी सकाळची शहराची बोट आहे. तिथून स्पेनला परत जायचंय, विसरलात?"

"माहीत आहे," पाहोमी म्हणाला आणि त्यानं चमचा सरळ केला.

पाहोमीच्या बायकोच्या, उस्तिन्याच्या हातातलं भांडं जरा जोरात खाली ठेवलं गेलं. पोरगा दोन वर्षांनी घरी आला होता. इथं काय ठेवलंय, असं येता-जाता म्हणायचा. पण आल्यापासून रोज संध्याकाळी बदकं कोणत्या बाजूला उतरतात ते बघून यायचा. दुसऱ्या होडीला त्यानं कुणी न सांगता डांबर फासलं होतं. राहा म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर येई. पण बाप बोलत नव्हता, आणि बापाच्या आधी आईनं पदर पसरायचा, हे तिला पटत नव्हतं.

"पण आपण नेमकं जायचं कुठं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

पाहोमीचा हात थांबला. त्यानं वाटी फळीवर ठेवली, चमचे पेल्यात टाकले, पाव खाऊन टाकला आणि तो अंगणात निघून गेला.

"माझं काही चुकलं का?"

"शिकारीला किंवा प्रवासाला निघालेल्याला 'कुठं' विचारत नाहीत, बाई," उस्तिन्या हसत म्हणाली. "विचारलं की जाणं मोडलं. माणसानं मागं फिरायचं."

"अहो, पण निघालंय कोण अजून?"

"मीठ मांडलं म्हणजे ते निघालेच. जेवणानंतर पुन्हा मांडतील."

नव्या नवरीपणी तिनंही उंबऱ्यातून एकदा विचारलं होतं. पाहोमी होडीतून परत आला, बूट काढले आणि भिंतीकडे तोंड करून दिवसभर झोपला. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. तो पाव किती घेतो, त्यावरून ती ओळखायची.

सकाळी आर्तिओमची पिशवी दाराशी आली. प्रवासाआधीच्या रीतीप्रमाणे सगळे घटकाभर बाकावर बसले. मग तो उठला, आईच्या गालाला गाल लावला आणि फाटक उघडलं. पाहोमी होडीपाशी जाऊन वल्ह्याची दोरी आवळायला लागला. त्यानं मान वर केली नाही.

"कुठं निघालास?"

उस्तिन्यानं तोंडावर हात ठेवला. आर्तिओम फाटकातच थबकला.

"बाबा? तुम्ही विचारता?"

"गेलं तोंडातून. म्हाताऱ्याच्या तोंडाला कुलूप नसतं."

धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. स्पेन बघून आलेल्या माणसानं असल्या गोष्टी मानायलाच हव्यात, असं कुठं होतं? सरळ चालत गेला असता तर कुणी अडवलं नसतं. आर्तिओम बोटीच्या दिशेनं बघत राहिला. मग त्यानं पिशवी खाली ठेवली, तिच्यावरच बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला.

"पुढची बोट सोमवारी आहे," तो बापाकडे न बघता म्हणाला.

"सोमवारीही मी इथंच आहे," पाहोमी म्हणाला.

उस्तिन्या आत गेली. तिनं मिठाची वाटी फळीवरून काढली, टेबलाच्या कडेला ठेवली, आणि पेल्यातून दोन चमचे काढले.