एकाच दंडातलं रक्त

आमच्या नमुनापेढीतलं रक्त कुणाला चढवत नाहीत. ते गोठवून ठेवतात आणि त्यात आजाराची खूण शोधतात. रुग्णांचं रक्त, तपासणीनंतर उरलेला फुप्फुसाचा एवढासा तुकडा, सगळं बोटभर नळ्यांत भरून फ्रीझरमध्ये जातं. फ्रीझरच्या किल्ल्या माझ्याकडे असतात आणि माझ्या सहीशिवाय एक नळीसुद्धा दाराबाहेर जात नाही. माझ्या जिभेवर साखर नाही, असं ताई म्हणते. पेढी सांभाळायला ती लागतही नाही.

आमच्या बाबांनी जन्मभर फरशा कापल्या. आता त्यांची फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. जिना चढताना ते मध्येच बसतात, आणि कुणी पाहिलंच तर चपलेचा पट्टा नीट करत असल्याचं सोंग करतात.

त्यांच्यासारख्या रुग्णांच्या रक्तात आमच्या सरांना एक प्रथिन सापडलं. निरोगी माणसांत जेमतेम, रुग्णांत भरमसाट. सरांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. एका कंपनीने नव्या औषधाची चाचणी ठरवली. औषध यकृताला जड, म्हणून अट घातली, की हे प्रथिन जास्त असेल त्यालाच औषध. बाबांचं जास्त निघालं आणि त्यांचा नंबर लागला. ताईने फोन केला आणि "बाबा वाचले गं" एवढंच म्हणून ती रडत राहिली. मीही रडले.

मग औषध सुरू व्हायच्या आधी एकदा बाबा तपासणीला आले, तेव्हा छातीच्या वॉर्डात खाट रिकामी नव्हती. मी त्यांना आमच्याच खोलीत बसवलं, रक्त घेतलं, पेशी तळाशी बसाव्यात म्हणून लगेच मशीनमध्ये गरगर फिरवलं आणि वरचं पिवळसर पाणी वेगळं करून तपासायला दिलं. प्रथिन निघालं निरोगी माणसाइतकं. क्षणभर मला आनंद झाला. तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून त्यांचा खोकला ऐकू आला. माणूस खालावला होता आणि रक्त मात्र सुधारलं होतं, हे कसं?

उत्तर आमच्या नाकासमोर होतं. निरोगी म्हणून आम्ही आमचीच माणसं घेतली होती: कारकून, विद्यार्थी, मी. आमचं रक्त इथेच काढायचं आणि दंडावरचा कापूस वाळायच्या आत फिरवायचं. रुग्णांचं रक्त मात्र रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीतल्या वॉर्डात, सकाळी. डॉक्टरांची फेरी संपली की सगळ्या नळ्या एकदम आमच्याकडे यायच्या, तोवर दुपार झालेली असायची. नळीत नुसतं पडून राहिलं की रक्तातल्या पेशी आतलं सगळं बाहेर टाकू लागतात. सरांची खूण आजाराची नव्हतीच. ती ताटकळण्याची होती.

खात्री करायला मी माझ्याच दंडातून दोन नळ्या भरून घेतल्या. एक लगेच फिरवली. दुसरी वॉर्डातल्या नळ्या येईपर्यंत खिडकीत ठेवली. पहिली नळी म्हणाली, बाई ठणठणीत आहे. दुसरीवर विश्वास ठेवायचा तर माझी घटका भरत आली होती.

दोन्ही निकाल मी सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते वाचून कागद उलटे करून ठेवले.

"हे नंतर पाहू," ते म्हणाले. "आधी नमुने कंपनीकडे जाऊ देत."

"नाही जाणार."

"चाचणी थांबली तर तुमच्या वडिलांचं काय होईल, कळतंय ना?"

"तुमच्याआधी कळलंय मला ते. म्हणून तर तुमच्यापेक्षा जास्त चिडलेय. औषध कुणाला मिळणार, हे नळी किती वेळ पडून होती त्यावरून ठरणार असेल, तर चिठ्ठ्या टाका की सरळ. निदान खूण सापडल्याचा आव आणून यकृत बिघडवणारं औषध आपण कुणाच्या गळ्यात मारलं, असं तरी होणार नाही."

"दुसरं कुणीतरी सही करेल."

"करू दे. आधी किल्ल्या माझ्याकडून घ्यायला सांगा त्याला."

किल्ल्या मागायला कुणी आलं नाही. मी निकाल कंपनीच्या माणसांसकट सगळ्यांसमोर मांडले आणि चाचणी थांबली.

ताईचा फोन आला. "तुला फक्त गप्प बसायचं होतं," ती म्हणाली. "तेवढंही जमलं नाही. आपल्याच बापाच्या बाबतीत." मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला. तिचं म्हणणं मला पटत होतं, आणि तेच जास्त खुपत होतं. मला बाबा हवे होते. खोट्या आकड्याने मिळाले असते तरी हवे होते.

बाबांना मी समोर बसून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं रक्त ताटकळत राहिलं म्हणून मी पास झालो?"

"हो."

"जन्मात पहिल्यांदा पास झालो, तोही असा." ते हसले, हसता हसता खोकला आला, तो थांबेपर्यंत मी त्यांची पाठ चोळत राहिले. मग म्हणाले, "बरं केलंस. पण भीती वाटते गं मला."

"मलाही वाटते बाबा."

"मग पुन्हा शोधा. नीट शोधा. माझं रक्त आहे अजून."

मी नवी पद्धत मांडली. मशीन वॉर्डातच न्यायचं, आणि निरोगी माणसांचं रक्तही तिथेच, त्याच खुर्चीत घ्यायचं. सर म्हणाले, त्या खोकल्यात कुठला निरोगी माणूस येऊन बसणार आहे, दाखवा. खरंच, जो तो काखा वर करू लागला. कुणाला काम होतं, कुणाला सर्दी. मी हट्टाने मशीन ढकलत रस्ता ओलांडला.

पहिल्या दिवशी बाबा ऑक्सिजनचं नळकांडं शेजारी घेऊन, नाकात नळी घालून बसले होते. बाही आधीच वर केलेली. सिस्टरने सुई काढली आणि मी रक्ताची नळी हातात घेतली, तर दारात ताई उभी. माझ्याकडे न बघता ती बाबांशेजारच्या खुर्चीत बसली.

"निरोगी माणूस हवाय म्हणे," ती सिस्टरला म्हणाली. "मी आहे. हिच्याशी बोलत नाहीये, पण निरोगी आहे."

"हिला काय झालंय?" बाबा म्हणाले. "डोक्यात राग आहे फक्त. तो रक्तात येत असेल तर बघा."

ताईने बाही वर सारली आणि दंड पुढे केला.

त्या मशीनमध्ये एकटी नळी चालत नाही. समोर तितक्याच वजनाची दुसरी नसेल तर ते थडथडतं. मी बाबांची नळी एका खाचेत ठेवली आणि बरोबर समोर ताईची. झाकण लावलं.

"बघत काय बसलीस?" ताई पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "लाव की. रक्त थांबलं की खोटं बोलतं ना?"

मी बटण दाबलं.