शेऱ्याची ओळ

"मावशी, जरा मागं सरका. हे धूड पायावर पडलं ना, तर निवृत्तीच्या आधीच घरी बसाल!"

नवे मॉनिटर जोडायला आलेल्या माणसाने कोपऱ्यातला जुना मॉनिटर दोन्ही हातांनी कवटाळला होता. ती सरकली नाही.

"थोडं थांबा. निवू दे त्याला."

"दूध आहे का ते, निवायला?" तो हसला, पण थांबला. बाकीचे सहा त्याने सकाळपासून एकट्याने अंगणात नेले होते, त्यालाही दम खायचाच होता.

पाणीपुरवठ्याच्या या खोलीत ती सत्तावीस वर्षं दुपारच्या पाळीला बसत आली होती. सात टाक्या, सात पडदे. कोणती टाकी किती भरली ते बघायचं आणि झडपवाल्याला फोन करायचा. सकाळच्या पाळीला याच खुर्चीवर तिचा नवरा बसायचा. तो उठला की ती बसायची. गाठ पडायची ती दारात, दहा मिनिटं. "आमचा संसार उंबऱ्यावर झाला," असं ती लेकीला सांगायची.

नवरा अबोल. कोपऱ्यातल्या या पडद्याच्या तळाशी शेऱ्याची एक ओळ असे. पाळी संपताना तिथे काही लिहायचं आणि पुढच्या पाळीने जाताना ते पुसायचं, असा रिवाज होता. बाकीचे लिहीत, 'पातळी ठीक'. हा लिहायचा, 'चहा थर्मासमध्ये आहे'. अकरा वर्षं, रोज, त्याच जागी. तीही जाईपर्यंत ते पुसत नसे. एकदा साहेबांनी विचारलं, "हा कसला शेरा?" तर म्हणाला, "साहेब, पातळी ठीक आहे, तेच लिहिलंय."

मग एका सकाळी तो कामावर यायला निघाला, जिन्यात दम लागला म्हणून टेकला, तो उठलाच नाही. त्यालाही नऊ वर्षं झाली.

तो गेल्यावर तीन महिन्यांनी भर दुपारी वीज गेली. हे पडदे एरवी कधी बंद होतच नसत. काळ्या काचेवर खिडकीतला उजेड तिरका पडला होता, आणि तळाशी राखेच्या रंगाची अक्षरं उभी होती. आधी 'चहा'. मान कलती केली तर पुढचंही. ती खुर्चीतून पुढे सरकली. तेवढ्यात वीज आली.

लेक म्हणाली, "आई, चष्म्याचा नंबर बदल." सकाळच्या पाळीचा नवा माणूस म्हणाला, "ताई, चार दिवस रजा घ्या." तिने पुन्हा कोणाजवळ विषय काढला नाही. वीज गेली की मात्र मान आपोआप कलायची. कधी दिसे, कधी नाही. दिसलं तर भीती वाटे, आणि नाही दिसलं तर जास्त.

"हा बघा नवा," जोडणारा सांगत होता. "बोटाएवढा जाड. कळ दाबली की लख्ख. तुमचा तो आधी गुरगुरणार, मग डोळे उघडणार."

ते खरंच होतं. जुना उठायला वेळ घ्यायचा. हात जवळ नेला की अंगावरची लव उभी राहायची, आणि थंडीत त्याच्या पाठीवर तळवे शेकता यायचे. नव्याला तिने हात लावून पाहिला. गारढोण. आवाजही नाही.

"आणि यावर डाग पडत नाहीत. जुन्याचं कसं, एकच मजकूर एकाच जागी वर्षानुवर्षं राहिला, की काचेमागचा लेप जळायचा. यावर काहीही लिहा, पुसलं की पुसलं."

तिने मान वर केली. "जळला तर दिसतो?"

"बंद असताना. उन्हात तर स्वच्छच दिसतो. का हो?"

"काही नाही. सहज."

नऊ वर्षं जे कोणाला विचारता आलं नव्हतं, त्याचं उत्तर आता अंगणातल्या उन्हात मिळणार होतं, वीस पावलांवर. पण उन्हात काच कोरीच निघाली तर? मग या नऊ वर्षांत तिने बघितलं ते काय? हा मॉनिटर घरी न्यायची परवानगी तिने मागून पाहिली होती. भांडारातल्या कारकुनाने हसण्यावारी नेलं होतं, "सात नग लिहिलेत, सात जाणार. आठवण म्हणून एखादी जुनी झडप न्या!" तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटलं, बरंच झालं. काही न बघताच जाऊ दे.

"निवला," ती म्हणाली. "न्या."

तो कण्हत, कुंथत मॉनिटर घेऊन गेला. ती दाराकडे पाठ करून बसली. समोर नव्या पडद्यावर शेऱ्याची ओळ रिकामी होती. बाहेर ट्रकचं फळकूट वाजलं. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही.

तो परत आला तेव्हा कपाळाचा घाम पुसत होता. टेबलाखालची राहिलेली वायर गुंडाळू लागला. अर्धी गुंडाळून थांबला.

"मावशी, एक विचारू? कुठल्या थर्मासमध्ये?"

तिने टेबलाची कड धरली.

"काय म्हणालात?"

"नाही, त्या काचेवर लिहिलंय ना, खाली. उन्हात धरला तर अख्खं वाक्य! अशी चेष्टा कोणी केली म्हटलं." तो हसायला गेला, पण तिच्या तोंडाकडे बघून त्याने वायर खाली ठेवली. "ट्रक निघतोय. थांबवू का?"

"नको," ती म्हणाली. "जाऊ दे."

तो गेल्यावर ती उठली. कपाटावरचा निळा थर्मास तिने खाली घेतला, पदराने त्याच्यावरची धूळ पुसली, आणि सवयीने कानाशी धरून हलवून पाहिला.