क्लिफर्डच्या तोंडातला 'टू'

मी 'टू' बोलतोय. बसून बोलायची मला सवय नाही, तेव्हा उभ्या उभ्याच ऐका.

इंग्रजी भाषेतला मी एक छोटासा शब्द. तुमच्याकडचे 'अति', 'जास्तच', 'नको इतकं' हे माझे दूरचे नातेवाईक. काही शतकांपूर्वी मला एकच 'ओ' होता. पण तेवढाच 'ओ' असलेला दुसराही एक 'टू' होता आणि आमच्यात सारखा घोटाळा व्हायचा, म्हणून लोकांनी मला आणखी एक चिकटवला. तो लिहायला इंग्रज माणसं अजून विसरतात. मग शाळेतले मास्तर लाल शाईने तो मला परत आणून देतात.

'व्हेरी' नावाचा माझा एक भाऊबंद आहे. लोक आम्हाला एकाच माळेत ओवतात, याचा मला फार राग येतो. चहा 'व्हेरी' गरम असला तर माणूस फुंकर मारून पितो. मी तिथे आलो की कप खाली ठेवावा लागतो. कोट 'व्हेरी' घट्ट असला तरी कसाबसा अंगात जातो, मी आलो की तो दुकानात परत जातो. म्हणजे माझ्या पोटात कायम एक नकार असतो. तो घेऊन मला स्वस्थ कसं बसवेल?

त्यावरही या इंग्रज लोकांनी युक्ती काढली. मला 'नॉट' आणि 'बॅड' यांच्या मधे कोंबलं. 'नॉट टू बॅड.' म्हणजे काय, तर फार काही वाईट नाही. कसे आहात? नॉट टू बॅड. नातवाचं बारसं कसं झालं? नॉट टू बॅड. वादळात छप्पर उडालं म्हणे? नॉट टू बॅड. मी कुठल्या दुःखावर उभा आहे आणि कुठल्या आनंदावर, हे माझं मलाच कळेनासं झालं.

माझा खरा मालक म्हणजे इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या डोंगरातला क्लिफर्ड मिजली. वय एकाहत्तर. काम गडगे रचायचं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर त्यातल्या सहांत मी असतो. लग्नाच्या दिवशी त्याच्या बायकोने, ऑड्रीने, नटूनथटून विचारलं, "कशी दिसते रे मी?" तर हा म्हणाला, "नॉट टू बॅड." ती ते अजून गावभर सांगते.

मार्चमधल्या एका सकाळी, हिवाळ्यात ढासळलेला गडगा पुन्हा रचताना त्याच्या पोटात कळ आली. ती पाठीपर्यंत गेली. तो मटकन खाली बसला. मी तेव्हा त्याच्या जिभेवरच होतो आणि हे दुखणं साधं नाही, हे मला कळत होतं. पण शब्दाला स्वतःहून बोलता येत नाही. बोलणारा उभं करील तिथे उभं राहायचं.

ऑड्रीने त्याला जवळजवळ ओढतच इस्पितळात नेलं. दोघं बाकावर तासभर बसली.

"उगाच कशाला बोभाटा करतेस?" तो कुरकुरला. "वात धरला असेल."

"गप बस. तोंड बघ आरशात, पांढरंफटक पडलंय."

डॉक्टर इनेश पोर्तुगालहून नुकतीच आलेली होती. हुशार आणि मन लावून काम करणारी. इंग्रजी ती पुस्तकातून शिकली होती, आणि पुस्तकात माझा अर्थ अगदी बरोबर दिला होता. पंचाईत तिथेच झाली.

"कितपत दुखतंय, मिस्टर मिजली?"

"नॉट टू बॅड, पोरी."

तिने लिहिलं, वेदना सौम्य. पोट दाबून पाहिलं, तर हा गडी हूं की चूं करेना. "दगड उचलताना स्नायू ताणला असेल. गोळ्या देते. घरी जाऊन आराम करा."

"बघ, मी सांगत नव्हतो?" म्हणत क्लिफर्ड कोट चढवायला लागला.

माझा जीव टांगणीला लागला. मला एका शब्दाची फार भीती वाटते. 'लेट'ची. त्याच्या शेजारी मला उभं केलं की सगळं संपलेलं असतं. 'टू लेट', आता उपयोग नाही. ते काम मी हजारदा केलंय आणि दर वेळी आतून हललोय. क्लिफर्ड कोटाच्या बाहीत हात घालत होता आणि मला 'लेट' जवळ येताना दिसत होता. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडणार कुणाच्या तोंडाने?

"थांबा हो डॉक्टरबाई," ऑड्री म्हणाली. "काय लिहिलंत तुम्ही?"

"सौम्य वेदना. ते स्वतःच म्हणाले ना."

"त्याचं काय ऐकताय! दगड पडून नडगी दोन ठिकाणी मोडली, तेव्हाही हेच म्हणाला होता. त्याच पायाने गाडी चालवत घरी आला."

"ऑड्री, जाऊ दे ना आता."

"जाऊ दे काय? डॉक्टरबाई, आज सकाळी ह्याने अर्धा चहा कपात तसाच सोडला. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा!"

इनेशला हसावं की काय करावं कळेना. पण मागे उभी असलेली नर्स इथलीच होती. चहा सोडला म्हटल्याबरोबर तिचा चेहरा उतरला.

"डॉक्टर, आमच्याकडे 'नॉट टू बॅड' म्हणजे दुखणं दहापैकी आठ. दहा झाले की माणूस बोलतच नाही."

इनेशने लिहिलेलं खोडलं. धावपळ करून पोटाची तपासणी केली. आतली मोठी रक्तवाहिनी फुगून झिरपायला लागली होती. त्याला तसंच शस्त्रक्रियेला नेलं. बाहेर इनेश ऑड्रीला म्हणाली, "घरी पाठवलं असतं, तर..." वाक्य तिने पुरं केलं नाही, मला 'लेट'शेजारी उभं केलं नाही. तिचे मी मनापासून आभार मानले.

चार दिवसांनी ती क्लिफर्डच्या खाटेजवळ आली. "कसं वाटतंय?"

"नॉट..." तो म्हणाला आणि थांबला. ऑड्रीकडे बघितलं. "दुखतंय, पोरी. फार दुखतंय."

त्या वाक्यात त्याने मला घेतलंच नाही, आणि मला कधी नव्हे इतकं हलकं वाटलं. डॉक्टर गेल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी घाबरलो होतो गं, ऑड्री."

तिने त्याचा हात धरला. "मी टू," ती म्हणाली. मीसुद्धा.

माझं हे दुसरं काम तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं होतं. वाक्याच्या शेवटी उभं केलं की माझ्यात अति नसतं, नकार नसतो, नुसती सोबत असते. तिथे मला करमतं. पण तिथे मला उभं करायला आधी कुणाला तरी खरं बोलावं लागतं. माझी एवढीच विनंती आहे, दुखत असेल तर मला मधे घालू नका.

अहो, बघा, पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला नर्सने विचारलं, आणि त्याने तोंड उघडलं. मला बोलावतोय. जातो मी. तुम्ही तेवढं त्याच्या बायकोला विचारा.