विहिरीतला हात

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दारावरचा नव्हे, नाटकातलाही नव्हे. गावोगाव फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमाचा. जाड मांजरपाटाचे पट्टे जोडून मला शिवलं, कडेला दोर ओवायला भोकं पाडली, आणि प्रेमसिंग नावाच्या मालकाच्या बैलगाडीतून मी वऱ्हाड पाहायला निघालो. ते मुक्या चित्रांचे दिवस होते. चित्रातली माणसं ओठ हलवायची, आवाज मात्र यायचा नाही.

तो आवाज शालिग्राम द्यायचा. आधी तो दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, सोंगं घ्यायचा. आता माझ्या शेजारी उभं राहून चित्रातली गोष्ट लोकांना त्यांच्या बोलीत सांगायचा. त्यानं सूर उतरवला की सगळा तंबू डोळे पुसायचा.

मला तंबूच्या मधोमध टांगत. खेळाआधी माझ्यावर पाणी शिंपडत, म्हणजे उजेड आरपार जाई. पुढच्या बाजूला पुरुष बसत, मागच्या बाजूला बाया. बायांना सगळं उलटं दिसे. उजव्या हातानं तलवार उपसणारा राजा त्यांच्याकडे डाव्या हातानं उपसत असे. पण गोष्ट दोन्हीकडे एकच आहे, असं मला वाटायचं.

त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं. देव दिसले की लोक वहाणा काढत, माझ्यावर फुलं टाकत. मुलानं बापाचा शब्द झेलला की म्हाताऱ्यांच्या माना डोलत. लोक चित्र बघायला येतात, असं प्रेमसिंग म्हणे. मला मात्र वाटे, आपल्याला जे बरोबर वाटतं ते आणखी कुणालातरी बरोबर वाटतंय ना, हे बघायला ते येतात.

सगळ्यांत जास्त चालायचं ते एका सुनेचं चित्र. तिच्यावर खोटा आळ येतो. घराच्या अब्रूला डाग नको म्हणून ती विहिरीत उडी घेते. मग पाण्यावर तिचा हसरा चेहरा उमटतो, भोवती तेजाचं वलय. शालिग्राम म्हणायचा, "हात जोडा." आणि सगळे हात जोडायचे.

कापूस वेचून झाल्यावर आम्ही आसेगावात तंबू ठोकला. तिथले मोठे जमीनदार जानराव पाटील स्वतः चालत आले. हेच चित्र दाखवा, त्यांनी प्रेमसिंगला सांगितलं, सगळ्या गावाला माझ्यातर्फे. कारण आम्हांला मागाहून कळलं. त्यांची थोरली सून तुळसा उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरीत बुडून गेली होती. कुणी वाईट बोललं म्हणून सुनेनं घराच्या अब्रूसाठी जीव दिला, असं पाटलांनी पसरवलं होतं. विहिरीशेजारी तिच्या नावाचा चौथरा बांधला होता. बाया तिथं कुंकू वाहू लागल्या होत्या. आता पाटलांच्या मुलाचं, तुळसाच्या नवऱ्याचं, दौलतरावाचं, दुसरं लग्न धनज गावच्या मुलीशी ठरलं होतं. मुलीची आई प्रयागबाई मुद्दाम खेळाला आली होती. जिथं सुना देवी होतात, ते घर तिनं बघावं, अशी पाटलांची इच्छा असावी.

मागच्या बाजूला आणखी एक बाई येऊन बसली होती. तुळसाची आई, सोजरबाई. तिच्याजवळ मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यातली हिरीबाई होती. 

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. पेटी वाजत होती, यंत्राचं हँडल फिरत होतं. सून विहिरीच्या काठावर आली. शालिग्राम म्हणाला, "माउलीनं घराची अब्रू राखली. हात जोडा." सुनेनं उडी घेतली. पाणी हललं. पुढचे सगळे हात जोडले गेले.

आणि पाण्याच्या बरोबर मधोमध एक तळहात उमटला.

मित्रांनो, तो चित्रातला नव्हता. माझ्या ओल्या अंगावर मागून कुणीतरी हात टेकवला होता. पाचही बोटं उमटली होती. पुढून मात्र असं दिसलं, की विहिरीतलं कुणीतरी बाहेर यायला हात वर काढतंय. पेटी थांबली. जानराव उभे राहिले. 

मग मागून आवाज आला. मोठा नव्हता.

"माही पोरगी मराले नोती निंगाली. माह्याकडं याले निंगाली होती."

हात सोजरबाईचा होता. ती सांगत गेली. तुळसाला ताप होता. तापातही तिला शेतात राबवत. आदल्या दिवाळीला आईनं बोलावणं पाठवलं, ते परत फिरवलं. शेवटी उन्हाळ्यात ती पहाटेच्या अंधारात एकटीच माहेरी निघाली. मळ्यातल्या वाटेवर ती विहीर होती, विहिरीला कठडा नव्हता. काठाशी तिचं गाठोडं पडलेलं होतं. कामाला जाणाऱ्या हिरीबाईला ते सापडलं. गाठोडं वाड्यावर गेलं तर कुणाला दिसायचं नाही, हे ओळखून ती ते घेऊन थेट सोजरबाईकडे गेली होती.

"त्याच्यात भाकर होती," सोजरबाई म्हणाली. "दोन वक्ताची. मराले जानारी बाई भाकर कायले बांधून नेईन?"

हिरीबाई एवढंच म्हणाली, "गाठोडं मीच देलं इले."

मागच्या बाजूला बांगड्या वाजल्या. प्रयागबाई उठली होती. सकाळपर्यंत ती जानरावांना इवाई, म्हणजे व्याही, म्हणत होती.

"पाटील," ती माझ्याआडून म्हणाली, "तुमच्या घरातून सून काहून पळून जात होती?"

जानराव तंबूबाहेर गेले. पाण्यावर तो हसरा चेहरा आला, वलयासकट. पण त्याच्यासमोर आता एकही हात जोडलेला नव्हता.

ते लग्न मोडलं. पुढच्या वर्षी आम्ही त्या वाटेनं गेलो, तेव्हा चौथरा दिसला नाही. गावच्या बायांनी त्याचे दगड काढून विहिरीला कठडा घातला होता.

शालिग्रामला मात्र ती गोष्ट पुन्हा नीट सांगता आली नाही. कुठल्याही गावी सून काठावर आली की तो बोलायचा थांबे आणि माझ्याकडे बघत राही. लोक ओरडत, मालक चिडे. एकदा त्यानं प्रेमसिंगला हळूच विचारलं, "तुमाले नाई दिसत?" मालकाला काही दिसत नसे. मला अनेकदा धुतलं होतं, डाग कसलाच नव्हता. तरी पाणी शिंपडलं की माझ्या मधोमध एवढीशी जागा आधी गार पडे. शेवटी शालिग्राम दंडारीकडे परत गेला.

मग बोलपट आले. चित्र स्वतःच बोलू लागलं, गाऊ लागलं. माझ्या मागं कर्णे ठेवले, बाया एका कोपऱ्यात दोरीपलीकडे गेल्या. गाणारी नवी सूनही विहिरीकडेच धावत होती, आणि गाण्याच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. पुढं मी विरलो. आता कारंजा गावच्या एका गोदामात सरकीवर झाकण म्हणून पडलो आहे. उंदरांनी एक कड खाल्ली आहे.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. कापड विरायचंच. पण जी गोष्ट बघून तुमचे हात आपोआप जोडले जातात, ती जपून बघा. गोष्टीतल्या बाईला देवी करणं सोपं असतं. देवीला ताप येत नाही, भूक लागत नाही, माहेरची आठवण येत नाही. जिवंत बाईला हे सगळं असतं. ती बोलायला लागली, तर पेटी थोडा वेळ थांबवा.