आमेनची जागा

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा लिफ्टमामांची प्रार्थना निम्म्यावर आली होती. दिवा एकदा मिचकावला, पंखा बंद पडला आणि एक आचका देऊन सगळंच थांबलं.

"काय झालं?" कपड्यांची पिशवी छातीशी धरून उभ्या असलेल्या बाईने विचारलं.

"काही नाही ताई. रुसलीय. मेकॅनिक येईपर्यंत बसा." मामांनी घंटीचं बटण दाबलं, आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

इस्पितळाची ही लिफ्टही मामांसारखीच निवृत्तीला आली होती. दार लावायचं, बटण दाबायचं आणि वर जाईपर्यंत आत असलेल्या माणसासाठी ओठातल्या ओठात प्रार्थना करायची, असं त्यांचं काम. त्यातलं शेवटचं इस्पितळाने सांगितलेलं नव्हतं. ज्याच्यासाठी प्रार्थना व्हायची, त्या स्ट्रेचरवरच्या माणसाला तिचा पत्ताही नसे.

आज मात्र त्यांचं प्रार्थनेत लक्ष लागत नव्हतं. सकाळी निघताना मुलीने त्यांना दारातच गाठलं होतं. आतल्या पलंगावरच्या आईला ऐकू जाऊ नये म्हणून ती हळू आवाजात बोलत होती.

"बाबा, आज संध्याकाळी आमेन तुम्हीच म्हणा. संपवा एकदाचं."

"ते तुझ्या आईचं आहे."

"तुम्ही आमेनपाशी येऊन थांबता ना, तेव्हा ती रडते. तुमचे डोळे मिटलेले असतात, तुम्हाला कुठून दिसणार? मी रोज बघते. परीक्षेला बसवल्यासारखं करता तिला."

मामा जिना उतरले होते.

ते आमेन बायकोचं कसं झालं, ही लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. मामांना संध्याकाळची घरची प्रार्थना सुरू करता यायची, थांबवता यायची नाही. घरच्यांपासून सुरुवात करून ते शेजारीपाजारी, इस्पितळातले सगळे वॉर्ड, जगातले सगळे राजे आणि समुद्रावरचे खलाशी असे फिरत राहायचे. एकदा चुलीवरचं दूध उतू जायला लागलं, तेव्हा बायकोने डोळे मिटलेलेच ठेवून खणखणीत आवाजात "आमेन" म्हटलं आणि ती उठली. "देवालाही बाकीची कामं असतील," असं वर ऐकवलं. तेव्हापासून मामा "येशूच्या नावाने मागतो" म्हणून थांबायचे आणि शेवटचा शब्द ती घालायची. घरात तोच कायदा झाला.

मग इतक्या वर्षांनी तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मामा मात्र रोज त्याच जागी येऊन थांबत राहिले. आज म्हणेल, उद्या म्हणेल.

सुरुवातीला चर्चमध्ये सगळी मंडळी तिच्यासाठी दर रविवारी प्रार्थना करायची. पुढे नवे आजारी आले, नव्या अडचणी आल्या आणि तिचं नाव मागे पडलं. एका रविवारी मामांना प्रार्थना करायला पुढे बोलावलं. सवयीने ते "येशूच्या नावाने मागतो" म्हणून थांबले. सगळी मंडळी माना खाली घालून तशीच बसली. मागे कोणीतरी खुदकन हसलं. शेवटी पाळकसाहेब खाकरले आणि त्यांनीच आमेन म्हटलं. त्यानंतर मामांना कोणी बोलावलं नाही. "मामा, देवाची इच्छा मान्य करायलाही विश्वास लागतो," पाळकसाहेब त्यांना बाजूला घेऊन म्हणाले. माणूस मनाने चांगला होता, म्हणूनच ते जास्त लागलं. डॉक्टर तर रोजच लिफ्टमध्ये भेटायचे. आता त्यांना काही विचारायचंही मामांनी सोडून दिलं होतं.

"मघाशी पुटपुटत काय होतात?" बाईने विचारलं. आत उकडायला लागलं होतं.

एरवी मामांनी हसून वेळ मारून नेली असती. पण अडकलेल्या लिफ्टमध्ये माणूस जाणार कुठे? त्यांनी सगळं सांगितलं. आज संध्याकाळी आमेन आपणच म्हणणार आहोत, हेही सांगितलं. ते ऐकताना त्यांचं त्यांनाच भरून आलं.

स्टुलावर बसलेल्या बाईने मान वर केली. मग म्हणाली, "माझा नवरा वर आहे. घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज गेला. आता सगळे त्याच्या उशाशी उभे राहून मला विचारतात, यांना दुखतंय का, यांना भूक आहे का. आणि मीसुद्धा सांगून मोकळी होते." तिने पिशवी मांडीवर नीट केली. "तुम्ही बायकोला विचारलंत?"

"काय विचारणार?"

"तिचा शब्द तुम्ही म्हटलात तर तिला चालेल का ते."

"तिला बोलता येत नाही हो ताई."

"हो ना," बाई तुटकपणे म्हणाली. "तेच सांगतेय मी मघापासून."

वर खडखडाट झाला. मेकॅनिकने दार उघडलं. तिसऱ्या मजल्याची फरशी बाईच्या कमरेइतकी उंच दिसत होती. मामांनी स्टूल पुढे ठेवलं, तिने त्यावर पाय दिला आणि मागे न बघता वर चढून गेली.

संध्याकाळी मामा घरी आले तेव्हा बायको उशीला टेकून बसली होती. डाव्या हातातल्या पेल्यातून थोडं थोडं दूध पीत होती, थोडं गळ्यावर सांडत होती. मुलगी स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठ करून उभी होती. मामांनी हात धुतले, पेला बाजूला ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसले. प्रार्थना नेहमीसारखीच लांबली, खलाशांपर्यंत गेली.

"येशूच्या नावाने मागतो," ते म्हणाले आणि आज त्यांनी डोळे उघडले.

मुलीचं खरं होतं. बायकोचे ओठ एका बाजूला ओढले जात होते, हनुवटी थरथरत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतके दिवस हे आपल्यासमोर चाललं होतं आणि आपण डोळे मिटून बसलो होतो, या विचाराने मामांना स्वतःची लाज वाटली.

"अगं," ते म्हणाले, "तुला त्रास होतो. आजपासून मीच म्हणत जाऊ का? तू नुसतं ऐक. चालेल तुला?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्या नजरेतून त्यांना काहीच कळलं नाही. जरा वाट पाहून त्यांनी तोंड उघडलं.

"आ..."

तिचा डावा हात पांघरुणावरून उठला. वाटेत एकदा खाली पडला, पुन्हा उठला आणि त्यांच्या तोंडावर येऊन बसला. तळव्याला दुधाचा वास येत होता. ती रडतच होती, पण हात काढत नव्हती. उलट जोर लावत होती, आणि तिचे ओठ पुन्हा त्या शब्दामागे लागले होते.

मुलीने मागे वळून पाहिलं. गॅस बंद केला, येऊन आईच्या पायाशी बसली आणि तिने हात जोडले.

तिघंही तशीच बसून राहिली. खिडकीबाहेर अंधार पडला, तरी दिवा लावायला कोणी उठलं नाही.