वासंतीकाकूंचं कापलेलं कार्ड

ओळखलंत का मला? नसेल ओळखलं तर तुमचा दोष नाही. माझे दोन तुकडे झालेत आणि त्यातल्या एकावर पोपटी दोरा गुंडाळलेला आहे. मी न्यूझीलंडमधल्या पापाकुराच्या वासंतीकाकूंचं डेबिट कार्ड. खरं तर माजी डेबिट कार्ड म्हणायला हवं, पण बोलायची हौस अजून गेलेली नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझी हजारो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होती, सगळी निळी, सगळी कोरी. मग माझ्यावर सोनेरी चिप बसली, सोळा आकडे उमटले आणि शेवटी नाव आलं, वासंती डी. पाटणकर. तोवर मी नुसता प्लॅस्टिकचा तुकडा होतो. नाव आलं आणि मला एकदम भारी वाटायला लागलं.

पोस्टाने मी घरी पोचलो तेव्हा काकूंनी पाकीट सुरीने अलगद उघडलं आणि माझ्यावरच्या नावावरून बोट फिरवलं. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात नुसतं त्यांच्या एकट्यांच्या नावाचं असं हे पहिलंच कार्ड होतं. पुण्यात सगळे व्यवहार काका बघायचे. काका गेल्यावर त्या इथे मुलाकडे, यशोधनकडे आल्या. यशोधन ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो, सून नोकरी करते, नात सिद्धी शाळेत जाते. दिवसभर रिकाम्या घरात बसून काय करायचं, म्हणून काकूंनी शिलाई मशीन घेतलं. ब्लाउज, फॉल-पिको, दिवाळीच्या आधी घागऱ्यांचं फिटिंग. त्याचे पैसे माझ्या खात्यात यायचे. सुनेने भाजीचे पैसे पुढे केले की काकू मला पर्समधून काढून दाखवायच्या आणि म्हणायच्या, राहू दे.

त्यांनी माझे लाडही खूप केले. दसऱ्याला शिलाई मशीनची पूजा झाली, कात्रीची झाली, आणि मग मलाही पाटावर ठेवून हळदीकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या डेरीत दूध घ्यायला गेलो तर तिथलं कार्डाचं मशीन मला ओळखेना. चिपमध्ये कुंकू गेलं होतं. डेरीवाल्याने मला टीशर्टला पुसलं आणि काकूंना विचारलं की याला रक्त कशाचं लागलंय. त्याला समजावून सांगण्यात काकूंची दहा मिनिटं गेली.

माणसांची एक गंमत सांगतो. पिन दाबताना ती दुसऱ्या हाताने आडोसा करतात. काकूही करायच्या, पण आकडे मोठ्याने म्हणत. मराठीत म्हटले की इथे कुणाला कळतंय, असा त्यांचा हिशेब. एकदा सुपरमार्केटच्या रांगेत त्या असाच पिन म्हणत असताना मागून आवाज आला, "अहो, जरा हळू. मी साताऱ्याची आहे." त्या लीलाताई. त्या दिवसापासून दोघींची मैत्री जमली, आणि लीलाताईंनीच काकूंना भिशीत घेतलं. अकरा बायका, महिन्यातून एक शनिवार, आणि व्हॉट्सॲपवर दिवसभर बडबड.

भिशीत काकूंच्या शब्दाला वजन आलं ते शिलाईमुळे. कुठलं कापड आटतं, कुठल्या साडीला कसलं अस्तर लावायचं, हे त्या खरं तेच सांगायच्या, स्वतःचं गिऱ्हाईक गेलं तरी. त्यामुळे काकूंनी चांगलं म्हटलं की बायका डोळे झाकून घ्यायच्या.

घात झाला तो याच डोळे झाकण्याने.

काकूंना शिवताना नाटकं ऐकायला आवडतात. पडदाघर नावाची मराठी नाटकांची एक सेवा आहे, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. एरवी असली कामं सिद्धी करून द्यायची. पण त्या दिवशी सिद्धी शाळेत होती आणि काकूंना वाटलं, एवढं काय त्यात. त्यांनी टॅबवर नाव शोधलं आणि सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. पानावर जांभळा पडदा होता, घंटा होती, आणि ठळक अक्षरात लिहिलेलं, एका डॉलरमध्ये सगळी नाटकं. काकूंनी माझे सोळा आकडे एकेक करून टाकले. मी बापडा काय करणार? माझ्या अंगावर आकडे आहेत, तोंड नाही. पानाच्या तळाशी करड्या रंगात मुंगीएवढी अक्षरं होती, आणि तिथल्या चौकोनात बरोबरची खूण आधीच केलेली होती. काकूंचा चष्मा मशीनपाशी राहिला होता.

पैसे भरून झाल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढला आणि लिंकसकट भिशीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, मी घेतलं, तुम्हीही घ्या, एका डॉलरला काही वाईट नाही. संध्याकाळपर्यंत सहा जणींनी घेतलं.

नाटकं लागली, पण एकालाही तिसरा अंक नव्हता. काकूंना वाटलं, पुढे येईल. तिसऱ्या अंकाऐवजी आठव्या दिवशी माझ्यातून एकोणपन्नास डॉलर गेले. काकूंना ते विजेचं बिल वाटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढेच गेले, तेव्हा त्या दचकल्या.

सिद्धीने टॅब बघितला आणि तिच्या भाषेत निकाल दिला, "आजी, दिस इज नॉट इव्हन द रिअल वन. सी, इट सेज ॲड. दे कॉपीड एव्हरीथिंग." मग तिने खरं पडदाघर उघडून दाखवलं. तोच जांभळा पडदा, तीच घंटा, पण तिथे दरमहा किती पैसे लागतील ते वरच, सरळ लिहिलेलं होतं. तळाची करडी अक्षरं तिने मोठी करून वाचली. सात दिवसांनंतर दर पंधरवड्याला एकोणपन्नास. दोघींनी सभासदत्व रद्द करायचा प्रयत्न केला. बटण दाबलं की नवी सवलत यायची, पुन्हा दाबलं की पहिलंच पान. ईमेल केली ती परत आली.

पैशांचं काकूंना दुःख झालंच, पण त्यांना घोर लागला तो त्या सहा जणींचा. बँकेला गुपचूप फोन करावा, स्वतःचे पैसे मागावेत आणि ग्रुपवर चकार शब्द काढू नये, असं त्यांच्या मनात आलं होतं. मला माहीत आहे, कारण चार दिवस त्या मला पर्समधून काढायच्या, मागे छापलेला बँकेचा नंबर बघायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. स्वतःपुरतं वाचायचं तर त्या सहा जणींचे पैसे दर पंधरवड्याला जात राहणार. आणि सांगायचं, तर पुन्हा कुणी आपल्या शब्दावर साधी सुईसुद्धा घेणार नाही. मला त्यांची फार दया आली.

शनिवारी भिशी लीलाताईंकडे होती. सगळ्या डेकवर उन्हात बसल्या होत्या, दडपे पोह्यांच्या बशा हातात होत्या. काकूंनी बशी खाली ठेवली.

"मी पाठवलेली ती नाटकांची लिंक खोटी होती," त्या म्हणाल्या. "मी नीट वाचलं नाही आणि तुम्हाला घ्यायला लावलं. चूक माझी आहे."

मग लीलाताई म्हणाल्या, "माझे दोनदा गेलेत. पहिल्यांदा गेले तेव्हाच मला कळलं होतं. पण तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा कधी कुणाला काही सांगितलं नसतंस. म्हणून गप्प बसले."

"अगं, तुझ्या या चांगुलपणापायी तुझे आणखी एकोणपन्नास गेले की," काकू म्हणाल्या, आणि हसू फुटलं ते त्यांनाच आधी.

मग एकेक जण बोलायला लागली. एकीने नवऱ्यापासून लपवलं होतं. एकीला वाटत होतं की फक्त आपणच मूर्ख ठरलो. जुई तर विमा कंपनीत काम करते, लोकांचे दावे तपासते. आपणच फसलो हे कुठल्या तोंडाने सांगायचं, असं तिला झालं होतं. सातही जणी इतके दिवस एकमेकींपासून तेच लपवत होत्या.

लाज निघाल्यावर जुईच्या अंगात तिचं ऑफिस संचारलं. तिने सातही जणींना पर्समधून कार्डं काढायला लावली. टेबलावर आम्ही सातजण ओळीने पडलो, निळे, हिरवे, एक तर मांजराचं चित्र असलेलं. रद्द केल्याची ईमेल सगळ्यांनी पुन्हा पाठवायची, ती परत आली तरी तिचा स्क्रीनशॉट ठेवायचा, मग आपापल्या बँकेला फोन करून कार्ड बंद करायचं आणि डिस्प्यूट, म्हणजे पैसे चुकीचे गेल्याची तक्रार, नोंदवायचा, असं तिने ठरवून दिलं. काकूंचा फोन पहिला लागला. बँकेतली बाई गोड होती, पण म्हणाली की आकडे तुम्हीच भरलेत. पैसे भरताना तुम्हाला काय दाखवलं होतं, याचा काही पुरावा आहे का?

काकूंचा चेहरा उतरला. तेवढ्यात लीलाताई म्हणाल्या, "आहे ना. हिनेच ग्रुपवर टाकलाय."

ज्या स्क्रीनशॉटची काकूंना चार दिवस लाज वाटत होती, तोच आता कामाला आला. त्यात तारीख होती, वेळ होती, एक डॉलर ठळक होता आणि खालची अक्षरं इतकी फिकी होती की वाचायला भिंग लागावं. सात जणींनी तोच पुरावा सात वेळा पाठवला. पोहे बशांत तसेच राहिले आणि कुणाचं लक्षही गेलं नाही.

घरी काकूंनी यशोधनला स्वतःहून सगळं सांगितलं. तेव्हा त्यानेही कबूल केलं की तो स्वतः एका व्यायामाच्या ॲपला वर्षभर पैसे भरतोय, आणि कसं थांबवायचं ते त्याला सापडत नाही. काकूंनी त्यालाही जुईचा नंबर दिला.

माझं म्हणाल, तर माझा निकाल त्या फोनवरच लागला होता. बँकेतली बाई म्हणाली, हा नंबर चोरांच्या हाती गेलाय, त्यामुळे हे कार्ड आता चालणार नाही. मी टेबलावर पडून ऐकत होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दूध आणलं, दोरे आणले, सिद्धीच्या वाढदिवसाला पोहायचे टॉग्ज आणले, आणि हे असं निवृत्त व्हायचं. पण मी जिवंत राहिलो असतो तर दर पंधरवड्याला काकूंचं शिवणकाम माझ्यातून गळत राहिलं असतं. तसलं जगणं मला नकोच होतं.

कापडाची कात्री काकू कागदालासुद्धा लावू देत नाहीत. माझ्यासाठी त्यांनी तीच घेतली. आधी मला कपाळाला लावलं, मग चिपच्या मधोमध एकदाच दाबून कापलं. एक तुकडा त्यांनी नावासकट जपून ठेवला. दुसऱ्याला दोन खाचा पाडल्या आणि उरलेला पोपटी दोरा गुंडाळला. नवं कार्ड आलंय, हिरवं आहे, अजून थोडं ताठ वागतं.

महिन्याभरात काकूंचे पैसे परत आले, आणखी पाच जणींचे आले. एकीची बँक अजून कागद मागतेय आणि जुई अजून पाठवतेय.

तुमच्याकडेही माझं एखादं भावंड असेल. त्याचे आकडे कुठे टाकण्याआधी पानाच्या तळापर्यंत जा, चष्मा लावून जा. आणि तरीही फसलात तर मनात ठेवू नका. लवकर सांगा, बँकेला सांगा, आणि ज्यांना तुम्ही सांगितलं होतं त्यांनाही सांगा.

आज दुपारी काकू ब्लाउज शिवायला घेणार, तेवढ्यात भिशीच्या ग्रुपवर एकीच्या नव्या सुनेचा निरोप आला. तिने स्वस्त विमानतिकिटांची लिंक टाकली होती आणि सगळ्यांना सोडून एकट्या काकूंनाच विचारलं होतं की हे खरं आहे का. काकूंनी सुई कापडात टोचून ठेवली, चष्मा लावला आणि उत्तर पाठवलं, "थांब. मी शेवटपर्यंत वाचते. तोवर पैसे भरू नकोस."